दोनशेचा रियाल

आमच्या घरात रुपया पडला की जिलेबी यायची.

यावरून कुणी आमच्या देशप्रेमावर संशय घेऊ नये. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. पंधरा ऑगस्टला इस्त्रीचा शर्ट घालून ते झेंडावंदनाला जायचे आणि राष्ट्रगीत चालू असताना कुणी हललं, तर घरी आल्यावर त्याचं नाव सांगायचे. पण माझी मोठी बहीण मस्कतला नर्स आहे आणि तिचा पगार रियालमध्ये होतो. रुपया पडला की तिच्या तेवढ्याच पगाराचे रुपये जास्त होतात, इतकी साधी गोष्ट आहे. टीव्हीवरचा माणूस रुपयासाठी कपाळाला हात लावून बोलत असायचा आणि आम्ही तिघं त्याच्यासमोर बसून, पाक अंगावर सांडू नये म्हणून जपत असायचो. एकदा शेजारच्या काकूंनी पुडा पाहून विचारलं, कोण पास झालं? आई म्हणाली, "पास कोणी नाही झालं. रुपया नापास झाला."

मी स्वतः वाणिज्य शिकवते. तेव्हा पुसदच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे जितके तास शिकवले तितक्याच तासांचे पैसे. दोन देशांच्या चलनांचा भाव कसा ठरतो, का चढतो, का उतरतो, हे मी वर्गात साठ पोरांना समजावून सांगायची. घरी एका माणसाला समजावता आलं नाही. वडिलांचा विनिमय दर पुस्तकात नव्हता. तो आमच्या भिंतीवर होता.

भिंतीचं सांगायला हवं. आमच्या वस्तीत घराला रंग देतात तो दिवाळीला नाही, चौदा एप्रिलला. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासूनची ही रीत आहे. जयंतीच्या आठ दिवस आधीपासून गल्लीत शिड्या आणि डबे दिसायला लागतात, जो तो डोक्याला फडकं बांधून फिरतो, आणि एरवी एकमेकांशी न बोलणारे लोकही एकमेकांना ब्रश उसना देतात. वर पांढरा, खाली निळी पट्टी. आमच्याही घराला दरवर्षी हात मारला जायचा, फक्त पुढच्या खोलीत, दाराच्या उजवीकडे, कॅलेंडरखाली, भिंतीचा एक चौकोन तसाच सोडला जायचा. त्या चौकोनात वडील दर शुक्रवारी शिसपेन्सिलीनं रियालचा भाव लिहायचे.

ताई गेली तेव्हा तो भाव एकशे एक्केचाळीस रुपये होता. चौकोनातला पहिला आकडा तोच.

ती जायच्या आदल्या दिवशी जेवताना सगळं ठरलं. ताईनं यवतमाळला नर्सिंग केलं होतं आणि इथल्या दवाखान्यांत चार वर्षं राबून पाहिलं होतं. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. मलाही जायचं होतं. मस्कतला असं नाही, कुठंही; नाशिकला, पुण्याला, जिथं महिन्याच्या महिन्याला पगार देतात अशा कुठल्याही कॉलेजात. मी तसं बोलून दाखवलं. वडील म्हणाले, "दोघी एकदम नाही जमत. एक घरी पाह्यजे."

ताई म्हणाली, "मी दोन वर्षांत येते बाबा. मग तिला जाऊ द्या."

"दोन वर्सं म्हणजे काय? कायच्या भरोशावर?" वडिलांना वर्षांत मोजायची सवय नव्हती, ते टप्प्यांत मोजायचे. "रियाल दोनशे झाला की तू ये. तू आली की हे जाईन." त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

दोनशेच का, याला काहीच आधार नव्हता. आयुष्यभर सुट्ट्या पैशांनी त्यांना छळलं होतं, त्यामुळे गोल आकडा दिसला की त्यांना बरं वाटायचं. ताई हो म्हणाली. मीही हो म्हणाले. अशा रीतीनं माझं घराबाहेर पडणं ओमानच्या चलनाला बांधलं गेलं. तेव्हा मला ते फारसं विचित्र वाटलं नाही. बाविसाव्या वर्षी सगळंच लवकर होईल असं वाटतं.

शुक्रवार यासाठी की तिथं सुट्टी शुक्रवारी असते. ताईच्या क्वार्टरखाली पैसे पाठवणाऱ्यांचं एक दुकान होतं. काचेत पाटी, पाटीवर लाल आकडे, प्रत्येक देशाची एक ओळ. ताई खाली उतरून आपली ओळ वाचायची आणि फोन लावायची. मोबाइलवर भाव घरबसल्या दिसतो, हे मी वडिलांना शंभर वेळा दाखवलं. त्यांनी तो कधी मान्य केला नाही. "थो भाव कोणाचा? हा माह्या पोरीनं पाह्यलेला आहे." झालं. मग फोन माझ्याकडे द्यायचे, चष्मा लावायचे आणि भिंतीकडे वळायचे. कशी आहेस, काय खाल्लंस, हे सगळं नंतर आईनं विचारायचं.

दर दहा रुपयांना एक टप्पा, आणि दर टप्प्याला जिलेबी. पहिल्याच उन्हाळ्यापासून ऑगस्टपर्यंत रुपया असा काही गडगडला की रियाल एकशे सत्तरच्या पुढे गेला, आणि आमच्याकडे तीन महिन्यांत तीनदा जिलेबी आली. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली. याच वेगानं गेलं तर पुढच्या जयंतीच्या आत मी नाशिकला, असा माझा हिशेब होता. वाणिज्य शिकवणाऱ्या बाईनं असा हिशेब करू नये, पण केला.

मग रियाल दमला. खरं तर उतरला. एकशे साठच्या खाली गेला, पुन्हा वर आला, पुन्हा बसला. तीन-चार वर्षं तो एकशे सत्तरच्या आसपास नुसता रेंगाळत होता. जिलेबीवाल्यानं एकदा वडिलांना रस्त्यात थांबवून तब्येतीची चौकशी केली. मी वर्गात शिकवायला उभी राहिले की फळ्यावर भावाची रेघ काढताना माझाच हात जड व्हायचा. त्या काळात माझ्या तासाचा दर मात्र जागचा हलला नाही.

त्या वर्षांत मी वडिलांना एक गोष्ट समजावून पाहिली. रियाल डॉलरला बांधलेला आहे, त्याचा भाव डॉलरशी कितीतरी वर्षांत बदललेलाच नाही. म्हणजे रियाल चढत नाही की उतरत नाही. तो बसलेला आहे. हलतो तो आपला रुपया.

वडिलांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे गाव तिथंच आहे. भाडं वाढून राह्यलं."

मी म्हटलं, तसंच म्हणा.

"मंग बरोबर आहे. उमरखेड कुठं सरकलं? तरी माह्या नोकरीत भाडं कितीदा वाढलं."

पुसद–उमरखेड या एका रस्त्यावर त्यांची अर्धी नोकरी गेली होती, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट ते शेवटी त्या रस्त्यावर आणून उभी करायचे.

एका शुक्रवारी ताईनं भावाआधी वेगळीच बातमी दिली. तिच्या वॉर्डात एक म्हातारे ओमानी आजोबा होते. ताई भारतातली म्हटल्यावर ते म्हणाले, मी लहान होतो तेव्हा आमच्या बाजारात तुमचाच रुपया चालायचा. ताईला वाटलं, तापात बोलतायत. मी शोधून पाहिलं तर आजोबा बरोबर होते. आखाती देशांसाठी आपल्याकडून वेगळ्या नोटा छापून जायच्या, आणि त्याआधी तर सरळ इथलाच रुपया तिथं चालायचा. पुढे त्यांनी आपला रियाल काढला तेव्हा एकवीस रुपयांना एक असा भाव धरला.

वडिलांनी हे ऐकून चष्मा लावला. मग त्यांनी एकशे एक्केचाळीसच्या वर जागा पाहून बारीक अक्षरात एकवीस लिहिलं.

"अन् त्याच्याही आंधी?" त्यांनी विचारलं.

"त्याच्याआधी भावच नव्हता बाबा. तिथंही रुपया, इथंही रुपया. एकाला एक."

"मंग तवा कोनाची पोरगी तिकडं गेली असती, त बापानं भितीवर काय लिवलं असतं?"

मी म्हटलं, एक लिहिलं असतं. दर आठवड्याला एक. त्यांना ते पटलं नाही. त्यात लिहिण्यासारखं काय आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

दोनशेच्या अगदी दाराशी रियाल पहिल्यांदा आला तो टाळेबंदीच्या एप्रिलात. एकशे नव्व्याण्णव आणि वर काही पैसे. सात वर्षं मी त्या आकड्याची वाट पाहत होते, आणि तो आला तेव्हा एकही विमान उडत नव्हतं. जिलेबीवाल्याचं दुकान बंद होतं. त्या वर्षी घराला रंगही दिला नाही. ताई कोविड वॉर्डात होती आणि क्वार्टरमध्ये एका खोलीत एकटीच राहत होती. दुकानाला कुलूप होतं पण काचेतली पाटी चालू राहिली होती, त्यामुळे भाव मिळत होता. ताईनं आकडा वाचायला सुरुवात केली तसा आईनं वडिलांच्या हातातून फोन ओढून घेतला. "आकडा राहू दे व माय. ताप आहे का थे सांग."

ताप नव्हता. मला आठवतंय, मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. बहिणीसाठी रडले, आणि त्यात थोडं स्वतःसाठीही होतं. ते वेगळं काढता आलं नाही.

ताई सुखरूप राहिली. भाव हळूहळू एकशे नव्वदच्या खाली गेला.

पुन्हा चढायला त्याला दोन वर्षं लागली. त्या उन्हाळ्यात मी एकतीस वर्षांची होते. नाशिकच्या एका कॉलेजात मी मुलाखत देऊन आले होते आणि ती चांगली झाली होती. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी फोन वाजला. ताई म्हणाली, "बाबा, दोनशे एक."

आईनं माझ्याकडे पाहिलं. वडिलांनी फोन कानाला लावून ठेवला होता, स्पीकर बंद केला होता, आणि ते नुसतं "हं, हं" करत होते. मग म्हणाले, "थो दुकानाचा भाव झाला. दुकानदार कमिशन घेते का नाही? थे वजा कर. हाती काय पडते थे सांग."

कमिशन वजा जाता एकशे नव्व्याण्णव आणि वर काही निघाले. वडिलांनी भिंतीवर एकशे नव्व्याण्णव लिहिलं. नऊ वर्षांत कमिशन कधी वजा झालं नव्हतं.

मी भांडले. मी चांगली भांडते, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. वडिलांनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की, ठरलं होतं ते रियाल दोनशे होण्याचं, आणि रियाल दोनशे होणं म्हणजे दोनशे हातात पडणं. खिडकीवर लावलेलं भाडं आणि पेटीत पडलेलं भाडं यात फरक असतो. मी फोन घेतला, तर ताईही म्हणाली, "बाबा म्हणतात ते खरं आहे गं. हाती तेवढेच पडतात." मी म्हटलं ठीक आहे, एखाद्या रुपयाचा तर प्रश्न आहे.

सप्टेंबरात नाशिकहून पत्र आलं. दिवाळीनंतरच्या सत्रापासून रुजू व्हा. महिन्याच्या महिन्याला पगार. मी ते पत्र घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि दिवसातून तीनदा उघडून वाचलं. ऑक्टोबरात रियाल दोनशे पंधराला गेला. एवढं कमिशन जगातला कुठलाही दुकानदार घेत नाही. त्या शुक्रवारी मी स्वतः जाऊन जिलेबी आणून ठेवली.

वडिलांनी फोन ठेवला, जिलेबीकडे पाहिलं आणि म्हणाले, "एका फेरीवरून भारमान ठरत नाही."

भारमान म्हणजे गाडी किती भरून धावली त्याचं प्रमाण. एसटीत ते एका फेरीवरून धरत नाहीत. बाजाराच्या दिवशी गाडी खचाखच भरते, म्हणून तो रस्ता भरभराटीचा ठरत नाही; वर्षभराची सरासरी काढावी लागते. रियालचंही तसंच. आज दोनशे पंधरा आहे, उद्या नसेल. ताई गेली तेव्हापासूनच्या सगळ्या शुक्रवारांची सरासरी काढायची, आणि ती दोनशे झाली की रियाल दोनशे झाला.

मला सरासरी कुणी शिकवायची गरज नव्हती. मी स्टुलावर चढून भिंतीवरचे आकडे उतरवून घेतले. सरासरी आली एकशे अठ्ठ्याहत्तर. त्यात एकवीसही धरा, असं वडील म्हणाले, तेव्हा तीही किंचित घसरली. मग मी पुढचं गणित केलं. रियाल आहे तिथंच राहिला, तर ही सरासरी दोनशेला टेकायला साधारण चौदा वर्षं लागणार होती. तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची असणार होते.

हे गणित मी वडिलांना दाखवलं. त्यांनी एकदा तपासलं आणि बरोबर आहे म्हणून सांगितलं.

कुणी विचारेल, मग गेली का नाहीस? तुला काय दावणीला बांधलं होतं? नव्हतं बांधलं. पण ठरलेलं मोडायचं नाही, हे आमच्या घरात भाकरीबरोबर वाढलं जातं. त्याच वर्षी आईचा गुडघा धरला होता. आणि खरं सांगायचं तर ताई आल्याशिवाय निघाले असते, तर ती निघून गेली आणि मी पळून गेले, असं झालं असतं; ते मला नको होतं. मी नाशिकला नकार कळवला. जिलेबी आईनं शेजारी देऊन टाकली. वडिलांशी मी दिवाळी होईपर्यंत बोलले नाही, आणि नंतर बोलले ते गॅस संपला एवढंच.

पुढची अडीच वर्षं चौकोनात दोनशे पंधरा, सोळा, अठरा, बावीस असे आकडे चढत गेले आणि त्यांच्या शेजारी वडील कंसात सरासरी लिहू लागले. एकशे ऐंशी. एकशे एक्क्याऐंशी. ती गोगलगाय पाहून माझं डोकं फिरायचं. जिलेबी बंद झाली, कारण सरासरीला टप्पे नसतात.

मागच्या जयंतीची गोष्ट. मी ब्रश घेऊन पुढच्या खोलीत आले. एवढ्या वर्षांच्या हातांनी भिंतीवर रंगाचे इतके थर चढले होते की मधला चौकोन आता आत गेल्यासारखा दिसायचा, आणि घर जितकं उजळ तितका तो कळकट. आई खुर्चीवर बसून निळ्या रंगात पाणी कालवत होती. ती म्हणाली, "औंदा थो चौकोन बी मारून टाक. घान दिसते."

"कडेकडेनं मार," वडील म्हणाले.

मी ब्रश खाली ठेवला. "बाबा, मला एकदा नीट सांगा. ताईला यायचं नव्हतं म्हणून तुम्ही हे कमिशन न् सरासरी काढलीत ना? तिनं सांगितलं होतं ना तुम्हाला? मग मला का नाही सांगितलं?"

"थे त येत होती."

मला नीट कळलं नाही. मी पुन्हा विचारलं.

"दोनशे एक झालता ना, त्याच दिवशी थे फोनवर म्हने, बाबा, मंग येऊ का? तिकीट काढू का? मीच म्हनलं, कमिशन वजा कर."

आईचा पाणी कालवणारा हात थांबला. हे तिलाही माहीत नव्हतं.

"काहून?" मी विचारलं. मी घरात वऱ्हाडी बोलत नाही; कॉलेजात नोकरी लागल्यापासून सोडली. त्या दिवशी आपोआप आली. "काहून पण बाबा?"

वडील भिंतीकडे पाहत होते. त्यांनी बोटानं पहिला आकडा चाचपला. "थे आली असती त तू गेली असती."

"तेच तर ठरलं होतं!"

"ठरलं होतं. पन तिच्या जाण्याची सवय व्हाले मले नऊ वर्सं लागली. नऊ वर्सं हे लिवलं, तवा कुठं थे इथं नाही, हे अंगवळनी पडलं. आता तुह्या जाण्याची सवय कराले आनखी नऊ वर्सं मी कुठून आनू? माह्यं वय पाह्य ना."

मला राग आला. राग आला की रडू येतं, हा माझा जुना दोष आहे. मी सगळं बोलले. एकतीसची होते, पत्र होतं, पर्समध्ये घडी करून ठेवलं होतं. आता चौतीसची आहे आणि अजून तासावर शिकवते. तुम्हाला सवय व्हावी म्हणून माझी नोकरी गेली. तुम्ही आयुष्यात कुणाला खोटं तिकीट दिलं नाही म्हणून सांगता, मग हे काय दिलंत? त्यांनी फडकं घेऊन खाली पडलेले रंगाचे थेंब पुसायला घेतले. त्यामुळे मला आणखी रडू आलं.

शेवटी आई म्हणाली, "रंग वाळून राह्यला. रडाचं असन त दोघं लवकर रडून घ्या." आणि मग वडिलांना, "अन् तुमी. हे घरी पाह्यजे, हे घरी पाह्यजे. कायले पाह्यजे? आपन काय कुकुली लेकरं आहो? माह्या गुडघ्याले तुमी आहा, तुमच्या डोक्याले मी आहो. जाऊ द्या पोट्टीले."

वडिलांनी माझ्या पायाजवळचा ब्रश उचलला. डब्यात बुडवला, कडेला निथळला, आणि चौकोनावर वरून खाली एक पट्टा ओढला. एकवीस गेलं, एकशे एक्केचाळीस गेलं, टाळेबंदीचा एप्रिल गेला. शिसपेन्सिल एका हातात झाकली जात नाही. त्यांनी तीन हात दिले.

मी ताईला फोन केला आणि तू बाबांना 'येऊ का' म्हणून विचारलं होतंस का, असं विचारलं. ती म्हणाली, "हो. आणि बाबा नाही म्हणाले तेव्हा मला हायसं वाटलं. माफ कर मला. इथं माझी खोली आहे, काम आहे, मला इथं बरं वाटतं. पण ठरलं होतं म्हणून विचारलं." मी तिच्यावरही चिडले. पण तिच्यावर माझा राग फार टिकत नाही, कारण ती भांडतच नाही.

जूनमध्ये मी नाशिकला रुजू झाले. कॉलेज दुसरं, पगार त्या जुन्या पत्रातल्यापेक्षा थोडा कमीच. निघताना वडील स्टँडवर आले, माझी बॅग स्वतः वर चढवली आणि गाडीच्या कंडक्टरला, पोरीकडे लक्ष ठेवा, म्हणून सांगितलं. पोरगी चौतीस वर्षांची. मी खिडकीशी बसले. गाडीचा कंडक्टर दोरी ओढणार एवढ्यात वडिलांनी खालून पत्र्यावर दोन थापा मारल्या. दोन म्हणजे चला. ड्रायव्हरनं गाडी काढली.

पहिल्या शुक्रवारी दुपारी मी वर्गातून बाहेर पडत होते, तेव्हा त्यांचा फोन आला. ताईचा फोन नुकताच होऊन गेला होता. तिचा भाव ते अजून विचारतात, ऐकतात, "बरं" म्हणतात, लिहीत नाहीत.

"काय भाव?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "बाबा, नाशिकला रुपयाच चालतो."

"थे मले मालूम आहे. भाव सांग."

जिन्यात पोरं वर-खाली करत होती. मी कोपऱ्यात सरकले.

"एकाला एक," मी म्हणाले.

"थांब. लिवतो."

भिंतीवर पेन्सिल घासल्याचा आवाज फोनमधून येत नाही, पण मला ती किती वेळ लावते ते माहीत आहे. मग ते म्हणाले, "हं. ठेव," आणि आईकडे फोन दिला. आई म्हणाली, "नवी भित खराब करून राह्यले पुन्हा." तेव्हापासून एकही शुक्रवार चुकलेला नाही. माझ्या तासाच्या वेळा त्यांना पाठ आहेत.

यंदाच्या जयंतीला मी दोन दिवस आधी घरी गेले. कॅलेंडरखाली एकाखाली एक एकाचे आकडे उभे होते, चाळीसच्या वर. एकही वर नाही, एकही खाली नाही. सगळे सारख्या उंचीचे, सगळे त्यांच्या हातचे. सरासरी काढलेली नव्हती.

आईनं माझ्या हातात ब्रश दिला. वडील दारात उभे राहिले. या खेपेला ते नुसते माझ्या हाताकडे पाहत होते.

मी ब्रश बुडवला, निथळला, आणि कडेकडेनं मारायला घेतलं.